अर्धी भाकरी: भावाच्या मनाच्या उपचारांची दीड वर्षं

हे लिहायच्या आधी बाबूला विचारलं. "तुझी गोष्ट लिहू का? दुसऱ्या घरातल्या ताया वाचतील." त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "आईचा फोटो नको." म्हणून फोटो नाही. त्याचं खरं नावही नाही, बाबू हे घरातलं हाकेचं नाव.

बाबू माझा धाकटा भाऊ. वय ३५. त्याला डाउन सिंड्रोम (जन्मतः असलेला गुणसूत्रांतला फरक) आहे, बौद्धिक अक्षमता मध्यम प्रकारची. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. अंघोळ, कपडे, ताट धुणं सगळं स्वतःचं स्वतः करतो. गावातल्या कार्यशाळेत बारा वर्षं जातोय. तिथे पाकिटं चिकटवतो, दिवाळीच्या आधी पणत्या रंगवतो. वडील २०११ मध्ये गेले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या आमच्या जुन्या घरात तो आणि आई असे दोघंच. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. मी त्याच गावात, दहा मिनिटांवर फ्लॅटमध्ये राहते.

१५ जून २०२३ ला आईच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात बसताना ती बाबूला म्हणाली, "आलेच हं." चार दिवस अतिदक्षता विभागात होती. १९ तारखेला गेली. बाबूला आम्ही मावशीकडे ठेवलं होतं, तिथेच राहू दिलं. स्मशानात नेलं नाही. त्याला त्रास होईल, त्याला काय कळणार, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं. तेराव्यानंतर त्याला माझ्याकडे आणलं आणि सांगितलं, आई देवाघरी गेली. त्याने विचारलं, "कधी येणार?" मी म्हटलं, "येईल हं." आज दीड वर्षाने या दोन शब्दांइतका पश्चात्ताप मला दुसऱ्या कशाचाच होत नाही.

श्रावण संपेपर्यंत तो शांत होता. नंतर एकेक गोष्ट बिघडत गेली. रात्री दोन-अडीचला उठून दाराशी बसायचा. कार्यशाळेत जायला नको म्हणायचा. ज्या शर्टाची बटणं तो वीस वर्षं स्वतः लावत होता तो शर्ट घेऊन माझ्यापुढे उभा राहायचा. भाकरी अर्धीच खायचा, उरलेली ताटलीखाली झाकून ठेवायचा. आणि संध्याकाळी ओरडायचा. गणपतीत, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्या मुलीने टीव्हीचा आवाज कमी केला म्हणून त्याने तिला ढकललं. ती नववीत. बाबूमामा आपल्याला ढकलू शकतो हेच तिला खरं वाटेना.

५ ऑक्टोबरला जवळच्या शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. फी ७०० रुपये. बाबू दाराच्या आत यायलाच तयार नव्हता. आम्ही दोघांनी धरून आत घेतलं, तेव्हा त्याने माझ्या नवऱ्याच्या मनगटाला चावा घेतला. डॉक्टरांनी तेवढंच पाहिलं. पाचेक मिनिटांत आम्ही बाहेर होतो. "ही मुलं मोठी झाली की असं होतंच," ते म्हणाले. रोज रात्री रिस्पेरिडोन (आक्रमकपणा शमवायला दिलेलं औषध) आणि झोपेची एक गोळी. आई गेल्याचं मी सांगितलं होतं. कागदावर ते लिहिलेलं नाही.

ओरडणं थांबलं आणि आम्हाला हायसं वाटलं. हे प्रामाणिकपणे लिहायला हवं, कारण बऱ्याच घरांत असंच होत असणार. बाबू दुपारी बारापर्यंत झोपायचा, उठल्यावर पायऱ्या मोजत चालल्यासारखा ताठ चालायचा, तोंडातून लाळ गळायची, आणि आम्ही पाहुण्यांना सांगायचो की आता बरंय, शांत आहे. तीन महिन्यांत वजन ६१ वरून ७० किलो. न्हाणीघरात दोनदा पडला.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, १२ नोव्हेंबरला, तो एका जागी बसूच शकेना. पहाटे तीनपर्यंत हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होता आणि चालता चालता रडत होता. मी १४४१६ ला फोन लावला. हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं. दोन गोष्टी बजावल्या. गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. आणि हा ताठरपणा, ही बसू न शकणारी अस्वस्थता औषधामुळे असू शकते, ते उद्याच डॉक्टरांना सांगा. सांगितलं. डॉक्टर भेटले नाहीत, फोनवर कंपाउंडरने आणखी एक गोळी वाढवून दिली.

वाट दाखवली ती कार्यशाळेतल्या बाईंनी. भाऊबीज झाल्यावर भेटायला आल्या, बाबूकडे बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हा आपला बाबू नाही. बारा वर्षं ओळखते मी त्याला. अक्षमता तेव्हाही होती ना? मग आता नवीन काय झालंय ते शोधा." त्यांनी मला एक वही लावायला सांगितली. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. तारीख आणि वेळ टाकायची. बस. मत लिहायचं नाही.

२० नोव्हेंबर ते २४ डिसेंबर मी ती वही लिहिली. एकूण ३१ नोंदी झाल्या आणि त्यातल्या २२ संध्याकाळी सहा ते साडेसातमधल्या. जुन्या घरी आई बरोबर त्या वेळेला देवापुढे दिवा लावायची आणि दोघं शुभंकरोती म्हणायचे. मी नोकरीवरून सव्वासातला घरी येते. आमच्या फ्लॅटमध्ये दिवेलागणीला दिवाच लागत नव्हता. एवढी साधी गोष्ट पाच महिने आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

दरम्यान पालकांच्या संघटनेतून पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव मिळालं. नाव मिळालं तरी आधी फोनवर तीन प्रश्न विचारायला मी आता सगळ्यांना सांगते: बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ रुग्ण तुम्ही तपासता का? पहिल्या भेटीला किती वेळ देता? मानसशास्त्रज्ञ सोबत आहेत का? लहान मुलांचे डॉक्टर अठरा वर्षांवरच्यांना घेत नाहीत, मोठ्यांच्या डॉक्टरांना बहुतेक वेळा अशा रुग्णांची सवय नसते, आणि आपली माणसं मधल्या मध्ये राहतात. १५ डिसेंबरला फोन केला, २३ जानेवारीची वेळ मिळाली. सकाळची पहिली, मी मागून घेतलेली, म्हणजे गर्दीत थांबावं लागत नाही.

बाबू दवाखान्याला का घाबरतो हे तोवर बाईंशी बोलताना माझ्या लक्षात आलं होतं. आई दवाखान्यात गेली, "आलेच" म्हणाली आणि परत आली नाही. त्याच्या हिशेबात दवाखाना म्हणजे तीच जागा. म्हणून आम्ही एका पुठ्ठ्यावर चार चित्रं काढली: घर, एसटी, डॉक्टर, पुन्हा घर. चारही चित्रांत बाबू आणि मी. आठ दिवस रोज रात्री ती बघितली. परतीच्या गाडीचं आरक्षण आधीच केलं आणि दोघांची तिकिटं त्याच्या खिशात दिली. खंबाटकीच्या बोगद्यापाशी त्याने ती दोनदा काढून मोजली. "ताई, दोन." दवाखान्याच्या दारात तो थबकला, खिशात हात घातला आणि आत आला.

फी १,८०० रुपये, वेळ सव्वा तास. डॉक्टर आधी बाबूशी बोलल्या. पहिली वीस मिनिटं मला एक शब्दही विचारला नाही. मग वही वाचली, सगळी. त्यांनी एक गोष्ट समजावली ती माझ्या शब्दांत लिहिते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसात काही बदललं की डॉक्टर, घरचे, शेजारी सगळे ते अक्षमतेच्या खात्यावर टाकतात. दात दुखत असो, थायरॉइड असो, नैराश्य असो, उत्तर एकच: "त्याचं तसंच आहे." मोठ्या सावलीत छोटी वस्तू दिसू नये तसं खरं दुखणं झाकलं जातं. आणि ज्याला "मला उदास वाटतं" असं वाक्य करता येत नाही त्याचं नैराश्य वागण्यातून बाहेर येतं. झोप उडते, येत असलेली कामं सुटतात, चिडचिड होते, आवडीच्या गोष्टी नकोशा होतात. माझ्या वहीत हे सगळं होतं. मी त्याला हट्ट म्हणत होते.

पण नैराश्याचं औषध त्या दिवशी दिलं नाही. आधी शरीर तपासायचं, म्हणाल्या. थायरॉइड, बी १२, ड जीवनसत्त्व, साखर, रक्तगणना. कान. दात. रात्री घोरतो का, श्वास अडकतो का. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास बराच आढळतो आणि दरवर्षी तपासायला हवा, हे मला ३४ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. विस्मरणाचा आजारही या लोकांना लवकरच्या वयात होऊ शकतो, तो प्रश्नही त्यांनी मनात ठेवला, पण बाबूचं वय आणि बदलाचा वेग बघता आधी बाकीचं तपासू म्हणाल्या.

रक्त घरी येऊन घेणारा लॅबचा माणूस बोलावला, त्याचे १५० रुपये जास्त. तपासण्यांचे २,३००. टोचण्याआधी बधिर करणारं मलम तासभर लावून ठेवलं, तेही डॉक्टरांना विचारून. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) १४.६ आला, म्हणजे थायरॉइड कमी पडत होतं. दोन्ही कानांत मळाचे बोळे. आणि खालची उजवी दाढ आतून पूर्ण किडलेली. दाढ किती महिने दुखत होती देव जाणे. त्याने एकदाही गालाला हात लावला नव्हता. दंतवैद्यांकडे खुर्चीत बसेना, शेवटी भूलतज्ज्ञ बोलावून थोडी गुंगी देऊन काढली, खर्च ६,५००. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी सुरू झाली. रिस्पेरिडोन अगदी हळूहळू, दोन महिन्यांत कमी करत बंद केलं. डोस मी मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येकाचा वेगळा असतो आणि औषध कमी करणंसुद्धा डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं.

मार्चमध्ये लाळ थांबली, चाल सुधारली. रात्री दाराशी बसणं मात्र तसंच. तेव्हा, १२ मार्च २०२४ ला, कागदावर नैराश्य असं निदान लिहिलं गेलं आणि एस्सिटॅलोप्राम हे नैराश्याचं औषध अगदी थोड्या मात्रेत सुरू झालं. गोळीची माहिती डॉक्टरांनी बाबूला दिली, मला नाही. चेहऱ्यांची चित्रं दाखवून: ही गोळी रोज, आधी पोट दुखेल, मग झोप येईल, नको वाटलं तर सांग. मी म्हटलं, त्याला कशाला एवढं? तर त्यांनी सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच हे आहे, माणसाला समजेल अशा सोप्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी माहिती द्यायची. एका ओळखीच्या वकिलांनी मला तो कायदा मतिमंदांना लागू नाही असं सांगितलं होतं. त्यात अर्धंच खरं आहे. त्या कायद्याने निव्वळ बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार म्हटलेलं नाही. पण अशा माणसाला नैराश्य आलं, तर त्या उपचारांसाठी कायदा त्याचाही आहे.

औषधाबरोबर पंधरा दिवसांनी एकदा मानसशास्त्रज्ञांकडे जायचं होतं, दर वेळी ९०० रुपये. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "आई गेली हे त्याला कुठल्या शब्दांत सांगितलं?" मी सांगितलं. देवाघरी. त्या म्हणाल्या, घरी गेलेला माणूस परत येतो, त्याने वाट बघणं अगदी बरोबर आहे. मग त्यांनी जे शब्द वापरायला सांगितले ते माझ्या तोंडातून निघेनात. मामाला कळलं तेव्हा तो माझ्यावर ओरडला. "आईबद्दल त्या पोराशी असं बोलणार तू?" मी चार दिवस पुढे ढकललं.

३१ मार्चला, रविवारी, जुन्या घरी ओट्यावर बसून सांगितलं. आधी आईचे फोटो लावून आम्ही एक वही केली होती. शाळेतली आई, बाबूला भरवणारी आई, दवाखान्याची इमारत, स्मशानभूमी, नदीचा घाट. शेवटचे तीन फोटो मी स्वतः काढून आणले. म्हटलं, बाबू, आई मेली. तिचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही. मी येईल म्हणाले होते, ते चुकलं माझं.

तो घाटाच्या फोटोवर बोट ठेवून बसला. मग विचारलं, "भाकरी?"

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं. इतके महिने ताटलीखाली झाकून ठेवलेली अर्धी भाकरी आईची होती. ती आल्यावर खाईल म्हणून. आम्ही तिला भूक मंदावणं म्हणत होतो, पहिल्या डॉक्टरांना मी तसंच सांगितलं होतं आणि रोज सकाळी ती भाकरी उचलून टाकून देत होते.

त्यानंतर तो पहिल्यांदा आईसाठी रडला. तीन दिवस रडत होता. मी घाबरून फोन केला तर मानसशास्त्रज्ञ म्हणाल्या, रडू दे, जेवतोय ना, झोपतोय ना, मग रडू दे. चौथ्या दिवशी कार्यशाळेत जातो म्हणाला. गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, गुढीच्या साखरेच्या गाठी त्याने स्वतः बांधल्या. संध्याकाळचा दिवा आता तोच लावतो, सहा वाजता, मुलगी शुभंकरोती म्हणते. वहीतल्या नोंदी मे महिन्यात चारवर आल्या.

आता कागदपत्रांबद्दल, कारण त्यात माझा बराच वेळ गेला. बाबूचं दिव्यांग प्रमाणपत्र २००९ चं, हाताने लिहिलेलं. नव्या ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, मग जिल्ह्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे जावं लागलं. अर्जात बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार असे दोन वेगळे प्रकार आहेत. डॉक्टर नैराश्याबद्दल बोलल्या असल्याने मी गोंधळले होते. बाबूसाठी पहिलाच प्रकार. मध्यम अक्षमतेला ७५ टक्के लिहितात. फेब्रुवारीत अर्ज, मेमध्ये कार्ड. तिथल्या आवारात अशी माणसं घेऊन जाताना पाणी, खायला आणि त्याच्या आवडीची एक वस्तू न्या. बाबूने ट्रान्झिस्टर नेला होता.

कार्ड आल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या (बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय आरोग्य विम्यात नाव घातलं. आमच्या उत्पन्न गटाला ५०० रुपये भरावे लागले, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही. बाह्यरुग्ण विभागातला खर्च आणि थेरपीही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळते, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण आपला बहुतेक खर्च दवाखान्यात भरती न होता होतो. विमा वर्ष एप्रिल ते मार्च असतं, म्हणून जमलं तर एप्रिलमध्येच नाव घाला. मी जूनमध्ये घातलं, त्याआधीची सगळी बिलं खिशातून गेली. ज्या कागदावर डॉक्टरांची सही-शिक्का नाही तो कागद नाही असंच समजा.

पालकत्वाचंही असंच. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हाला आई असताना माहीतच नव्हतं. बाबूच्या नावे कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू करायला बँकेने पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिथे अर्ज केला. मार्चमध्ये दिला, मेमध्ये घरी येऊन चौकशी झाली, बाबूशीही बोलले, ऑगस्टमध्ये प्रमाणपत्र मिळालं. पालक झाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, त्यासाठी वेगळी फाइल केली आहे. एका दवाखान्यात मात्र हे प्रमाणपत्र नसेल तर तपासणारच नाही असं सांगितलं होतं. त्यामुळे माझे दहा दिवस वाया गेले. साध्या तपासणीसाठी आणि औषधासाठी ते लागत नाही. कुणी मागितलं तर नम्रपणे, लेखी मागणी द्या म्हणा.

महिन्याच्या औषधांसाठी आता पुण्याला जात नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी येतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांनी मराठीत एक पानभर सारांश लिहून दिला होता, तो दाखवल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी तेच औषध पुढे चालू ठेवलं, गोळ्याही तिथेच मिळाल्या. हा मार्ग आधी कळला असता तर ऑक्टोबर २०२३ मध्येच मी तिथे गेले असते. तीन-चार महिन्यांतून एकदा पुण्याला दाखवतो.

६ जुलै २०२४ ला, आषाढ शुद्ध प्रतिपदेला, आईचं वर्षश्राद्ध झालं. या वेळी बाबूला मावशीकडे पाठवलं नाही. कावळ्याचं पान गच्चीवर तो घेऊन गेला. मामा शेजारी उभा होता. कावळा यायला वेळ लागला, तोवर बाबू पानावरच्या भाकरीकडे बघत होता. मग त्याने ती मोडून अर्धी स्वतःकडे घेतली, अर्धी ठेवली. गुरुजी काहीतरी म्हणायला लागले, तर मामानेच त्यांना हाताने थांबवलं.

सगळं मिटलेलं नाही. नऊ किलोंपैकी चारच उतरलेत. एस्सिटॅलोप्राम कधी थांबवायचं ते अजून ठरलेलं नाही, डॉक्टर घाई करू नका म्हणतात. रिक्षात मी एकटी बसले की अजूनही त्याचा चेहरा बदलतो, म्हणून मी कधी परतणार ते घड्याळाच्या चित्रावर काटे काढून त्याच्या हातात देऊन जाते आणि त्या वेळेला पोचते. उशीर होणार असेल तर फोन करते, मग मीटिंगमध्ये असले तरी.

पुण्याची पुढची तारीख मिळाली आहे. एसटीची दोन परतीची तिकिटं काढून झाली आहेत. ती त्याच्या शर्टाच्या खिशात आहेत, आणि त्या शर्टाची बटणं तो स्वतः लावतो.